बिब्बा लावायला नको होता, वहिनी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही — आणि शाळेत कुणाचं कुणाशी वाजलं हेसुद्धा मी तिला जेवताना सांगत आलोय. देवापुढे हात जोडून मनातल्या मनातही सांगितली नाही. मनातल्या मनात सांगितलं तरी आपलं आपल्याला ऐकू येतंच ना? तेच नको होतं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जरा धीर होतोय. पण सुरुवात कुठून करू? एका पायापासून करावी लागेल. नाही — त्याच्याही आधी, एका धड्यापासून.

मी विज्ञानाचा शिक्षक. आखाडा बाळापूरच्या शाळेत उभा जन्म गेला, मागच्या वर्षी रिटायर झालो. कातडीवरचा एक धडा माझा फार आवडता होता. का आवडता, तेही सांगतो. मी लहानपणापासून काळाकुट्ट. मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं, त्यात हा असला रंग. वर्गात मला 'तवा' म्हणायचे. पुढे लग्नाच्या वेळी एका घरून नकार आला तो रंगावरूनच आला, हे मला आडून-आडून कळवण्याची कुणीतरी तसदीही घेतली. आणि बी.एड. करताना एका पुस्तकात मी वाचलं की काळा रंग हे संरक्षण आहे. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या कडक उन्हात राहिले, त्यांच्या कातडीत उन्हाला अडवणारं द्रव्य जास्त असतं. त्यामुळे कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांत जितका होतो, तितका आपल्यासारख्यांत होत नाही. मी खोलीत एकटा होतो, आणि मोठ्यानं हसलो. जन्मभर जिची लाज बाळगली ती तर बापजाद्यांची देणगी निघाली की!

मग काय विचारता! दरवर्षी वर्गात हा भाग मी जीव ओतून शिकवायचो. पोरांना हात बाकावर पालथे ठेवायला लावायचो. सगळ्यांत काळा हात कुणाचा? आधी काळी पोरं हात मागे घ्यायची. मग मी माझाच हात त्यांच्या हातांशेजारी ठेवायचो आणि सांगायचो, ही छत्री आहे रे, पणजोबानं दिलेली, फुकट मिळालेली. गोऱ्या साहेबाला उन्हानं कॅन्सर होतो, आपल्याला होत नाही. पोरं खूश व्हायची. मागे घेतलेले हात पुढे यायचे. पुस्तकात 'कमी होतो' असं लिहिलेलं होतं. मी 'होत नाही' म्हणायचो. कमी आणि नाही — केवढासा तो फरक! शाळेतल्या पोरांना त्यानं काय फरक पडणार होता?

आता पाय. तो माझ्या मोठ्या भावाचा, मारोतीचा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मास्तर म्हणायचा — मी चौथीत असल्यापासून. बाप लवकर गेला तेव्हा दादानं शाळा सोडली आणि मेंढरं घेतली, म्हणून मला शाळा सोडावी लागली नाही. हे मी शाळेच्या भाषणांत सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. दिवाळी झाली की दादा कळप घेऊन निघायचा. आज या शेतात मेंढरं बसवायची, उद्या त्या. मेंढरांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळतं म्हणून शेतकरी धान्य द्यायचा, की पुढचं शेत गाठायचं. डोंगरकड्यापासून जवळा बाजारपर्यंत सगळा मुलूख त्यानं पायांनी मोजलेला. पायात टायरची चप्पल. पण बाभळीचा काटा टायरलाही दाद देत नाही.

कळप गावाला परत आला की आमच्या ओसरीवर काटे काढायची बैठक भरायची. गिरजावहिनी — दादाची बायको — उजेडाकडे तोंड करून बसायची, समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि सुई-चिमट्यानं काटे काढायची. नुसत्या दादाचे नाही. शेजारपाजारचे म्हातारे, खुरपणीवरून आलेल्या बाया, लेकरं, सगळे तिच्याकडे यायचे. लेकरू रडायला तोंड उघडायचं तोवर काटा बाहेर आलेला असायचा, इतका तिचा हात हलका. काटा खोल मोडून राहिला तर ती बिब्बा लावायची. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की त्याचा थेंब त्या जागेवर टेकवायचा. चटका बसतो, पण काटा वर येतो, असा आमच्याकडे सगळ्यांचा भरवसा आहे. वहिनीच्या उजव्या मनगटावर दादाचं नाव गोंदलेलं आहे. लग्नाच्या वर्षी औंढ्याच्या जत्रेत तिनं ते गोंदून घेतलं. तोंडानं मात्र ते नाव तिनं कधी घेतलं नाही, आमच्याकडच्या जुन्या बायका घेत नाहीत. काटा काढताना दादा तिला चिडवायचा, "नाव तुह्या हातात, पायबी तुह्याच हातात. आता मी पळून जाऊ कसा?" ती चिमटा जरा जोरात लावायची आणि दादा खोटं खोटं ओरडायचा.

किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वहिनीला दादाच्या डाव्या चवड्यावर, अंगठ्याच्या खाली, काळा ठिपका दिसला. मसुराच्या डाळीएवढा. काट्याचं टोक आत राहिलं की असंच दिसतं. तिनं कोरलं, काटा निघाला नाही. काही दिवसांनी पुन्हा कोरलं, नुसतं रक्त आलं. पुढच्या उन्हाळ्यात दादा परतला तेव्हा तो ठिपका पसरला होता, कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. वहिनीनं पाय मांडीवरून खाली ठेवला नाही, तसाच धरून मला हाक मारली. "भावजी, ह्याच्यात काटा दिसून न्हाई राहिला. दवाखान्यात दाखवावं का?"

शाळेला सुट्टी होती. मी पेपर वाचत बसलो होतो. उठून गेलो आणि उभ्या उभ्याच मान वाकवून पाहिलं. बैठकीतला एकजण म्हणाला, कातडीचाबी कॅन्सर असतो म्हणं, तसं तर नसंल? एवढं निमित्त मला पुरलं. ओसरीवर, सगळ्यांसमोर, मी माझा आवडता धडा शिकवला. छत्री, पणजोबा, गोरा साहेब — सगळं. लोक माना डोलवत होते. दादा तर कौतुकानं माझ्याकडे बघत होता, त्यानं शाळा सोडली त्याचं चीज झाल्यासारखा. मी शेवटी म्हणालो, "आपल्या लोकांना होतच न्हाई तो रोग. काटा आत कुजलाय. वहिनी, बिब्बा लावा, वर येईल." एवढं ध्यानात ठेवा. दवाखाना वहिनी म्हणाली होती. बिब्बा मी म्हणालो.

तिनं लावला. गुरुजी सांगतात म्हणून लावला. पुन्हा पुन्हा लावला.

पुढच्या वर्षी त्या जागेतून पाणी येऊ लागलं आणि दादा टाच टेकून चालायला लागला. तेव्हा कुठे मी त्याला नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी भिंगातून तळपाय पाहिला, मग दुसरा पाय, नखं, तळहात, आणि जांघेत हात लावून चाचपलं. मग दादाला बाहेर बसायला सांगितलं. मला वाटलं, मलम लिहून देणार असतील. त्या म्हणाल्या, "सर, हा कातडीचा कॅन्सर असावा असं मला वाटतंय."

माझ्या कानांत कसलातरी आवाज सुरू झाला. वरचा पंखा असेल, मला आता सांगता येत नाही. आणि मला राग आला. भीती नाही, राग! भावाला कॅन्सर आहे असं कुणी सांगतं आणि माणसाला राग येतो? मला आला. मी म्हणालो, मॅडम, मी सायन्स शिकवतो. आमच्या घराण्यात सगळे असेच काळे, सगळे जन्मभर उन्हात, आणि कुणालाही असलं काही झालेलं नाही. हा गोऱ्यांचा रोग आहे.

त्या चिडल्या नाहीत. माझा हात टेबलावर पालथा पडला होता. तो त्यांनी उलटा केला आणि माझ्याच फिक्या तळव्यावर बोट ठेवलं. "उन्हाच्या कॅन्सरपासून आपल्या रंगानं आपल्याला बरंच वाचवलंय, हे तुमचं खरं आहे. पण हा उन्हाचा नाही, सर. तळपायावर ऊन पडतं कुठं? आपल्या लोकांत हा फार क्वचित होतो, पण झाला की बहुतेक इथंच होतो. तळपायाला, तळहाताला, नखाखाली. आणि तिथं कुणी बघत नाही."

मी माझ्या तळव्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी पोरांचे हात बाकावर पालथेच ठेवायला लावले होते. उताणे करा असं एकदाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी पुढचंही नीट सांगितलं. औरंगाबादला जा, तुकडा काढून तपासा. अंगठा आणि चवड्याचा काही भाग काढावा लागेल. जांघेत अजून गाठ लागत नाही, म्हणजे आत्ता गेलात तर माणूस वाचायची चांगली आशा आहे. थांबू नका. मी बिब्ब्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "कोरल्यानं, भाजल्यानं हा रोग होतो असं म्हणता येत नाही. तो आधीपासूनच होता. बिब्ब्यामुळे उशीर झाला, एवढंच. आता हात लावू नका." हे सगळं मला तेव्हा समजलं. एकही शब्द अवघड नव्हता. ऐकलं नाही, कळलं नाही — यातलं काहीही मी म्हणू शकत नाही.

बाहेर दादा बाकावर बसला होता, डावी चप्पल काढून बाजूला ठेवलेली. "काय म्हणली रे बाई?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "कुरूप हाय म्हणे. जुनं. मलम लावा म्हणली."

हे मी बोललो. माझ्या तोंडून हे असं, सहज, वेळ विचारल्यावर सांगावी तसं बाहेर पडलं. आणि मलम? खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पण मलमाचं काय? मलम मी बसस्टँडजवळच्या दुकानात उभा राहून घेतलं. दुकानदाराला विचारलं, भेगांना कुठलं चांगलं? त्यानं दोन दाखवली. मी दोन्हींतून एक निवडलं. दादा मागे उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा होता, एक ग्लास त्यानं माझ्यासाठी धरून ठेवला होता. एसटी अर्धापूरवरून पुढे निघाली तेव्हा तो खिडकीला डोकं टेकून शांत झोपला. कुरूपच निघालं म्हणून. तो उठला की सांगू, असं मी मनात म्हणत होतो, आणि तो उठला तेव्हा आमचा फाटा आला होता.

का? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय, की प्रश्नच गुळगुळीत झालाय. अर्धा पाय गेलेला मेंढपाळ करणार काय, म्हणून? हंगाम संपून मेंढरं घरी येतील तेव्हा नेऊ, म्हणून? अशी कारणं मी तेव्हा मनात रचली होती. खरं एवढंच की ओसरीवर सगळ्यांसमोर मी 'होतच नाही' असं म्हणालो होतो, आणि आता त्याच ओसरीवर जाऊन 'झालाय' असं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. एका तरुण बाईचं खरं आणि माझं चूक, हे मला गिळवत नव्हतं. माझ्या काळ्या रंगाला पहिल्यांदा जो मान मिळाला होता, तो मला परत द्यायचा नव्हता. भावाच्या जिवापेक्षा हे मोठं वाटलं? वाटलं. आज लिहितानासुद्धा मी थबकतो, की असला माणूस माझ्याच कातडीत होता?

दादा ते मलम लावत राहिला. एक संपलं की मी दुसरं आणून द्यायचो. दोन हंगाम तो त्याच पायानं मेंढरांमागे चालला. मला विसर पडला होता असं समजू नका. तो गावात असला की रोज शाळेत जाताना त्याची लंगडत जाणारी पाठ दिसायची आणि मी सायकलचा वेग वाढवायचो. वहिनी विचारायची, "बाईनं परत काहून न्हाई बोलावलं?" मी म्हणायचो, कुरुपाला वेळ लागतोच.

मग जांघेत गाठ आली. लिंबाएवढी झाल्यावर दादानं सांगितलं, लाजेनं. आता मी धावपळ केली, अशी की सगळ्या गावानं पाहिली. औरंगाबादला नेलं, रात्रंदिवस जवळ राहिलो, लोक म्हणाले भाऊ असावा तर असा. तिथल्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, आधी कुणाला दाखवलं नव्हतं का? दादा म्हणाला, "नांदेडच्या बाईला दाखवलं व्हतं की. ती कुरूप म्हणली." डॉक्टरांनी मान हलवली, समोर नसलेल्या त्या बाईवर नाराज होऊन. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो. परतताना गाडीत दादा माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "तिला बोल लावू नको, मास्तर. नवीन लेकरू व्हतं. तिला कळलं न्हाई." मी 'हो' म्हणालो.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या पावसाळ्यात दादा गेला. मरताना तो मला काहीच म्हणाला नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतंच. मी मात्र शेवटपर्यंत त्याच्या नजरेला नजर देताना दचकत होतो, आता विचारेल, आता विचारेल म्हणून.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की हाच तो गुन्हा. नाही हो. मला अजून सांगायचंय ते पुढेच आहे. मी मघापासून त्याच्या भोवती भोवती फिरतोय.

दहाव्याच्या आतलीच गोष्ट. घरात भेटायला येणाऱ्यांची दाटी. आई तेव्हा होती. ती एकदम उठली आणि वहिनीच्या अंगावर धावून गेली. "तुह्या बिब्ब्यानं जाळलं माह्या लेकराला! चटके दिऊ दिऊ मारलं!" मग एकेक बाई कुजबुजायला लागली — व्हय, बिब्बा उतला असंल, बिब्बा उतला की मास सडतं. वहिनी कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून बसलो होतो, डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं. डॉक्टर बाईंचं एकूण एक वाक्य मला पाठ होतं. मी उठायला हवं होतं ना? दोन वाक्यं बोलायची होती. मी खालच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघ ओढत राहिलो.

तरी ते निदान गप्प राहणं होतं. त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, घरात कुणी नव्हतं. मी भाकरी खात होतो. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि गेली नाही. तिथंच चुलीच्या कडेला बसली. बराच वेळ मनगटावरचं गोंदण अंगठ्यानं चोळत होती. मग म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेले. आत्याबाई रागात बोलल्या, ते जाऊ द्या. तुमी खरं सांगा. माह्या बिब्ब्यानंच झालं का?"

तिनं मला दार उघडून दिलं होतं. घरात कुणी नव्हतं. मी नुसतं 'नाही' म्हणालो असतो तरी पुरे होतं. नांदेडचं सांगायचीही गरज नव्हती! नुसतं 'नाही, वहिनी, बिब्ब्यानं हा रोग होत नाही' — माझं खोटंही झाकलं राहिलं असतं आणि तिचा जीवही सुटला असता. पण मला वाटलं, 'नाही' म्हटलं तर ती विचारेल, मग कशानं झालं? मग विचारेल, तुम्हाला कसं ठाऊक? कधीपासून ठाऊक?

मी घास चावून गिळला. आणि म्हणालो, "बिब्बा लावायला नको होता, वहिनी."

हेच ते. हे वाक्य. बिब्बा लावा म्हणणारा मी. आणि तिनं तेही मला म्हटलं नाही — तुमीच तर सांगितलं व्हतं, भावजी! मी वाट बघत होतो. ती म्हणाली असती तर मी कदाचित कोलमडलो असतो, सगळं बोललो असतो. तिनं मान हलवली. "व्हय," म्हणाली. "नको व्हता." आणि माझा तांब्या भरून ठेवून बाहेर गेली. मी उरलेली भाकरी खाल्ली. माणूस असं बोलून पुढं जेवतो? मी जेवलो, आणि चव लागली हेही मला आठवतंय.

त्या दिवसापासून वहिनीनं कुणाचा पाय मांडीवर घेतला नाही. आधी लोकच यायचे कमी झाले, मग कुणी आलं तरी ती उठून आत जायची. चिमटा आणि सुई तिनं कुणाला देऊन टाकली, मला माहीत नाही. दादा-वहिनीला मूलबाळ नाही. मेंढरं विकली, वहिनी आमच्याकडेच राहिली. माझी पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, पण पायात काटा मोडला की पोरं माझ्याकडे यायची, तिच्याकडे नाही. त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी माझी नात सुट्टीला आली आणि पहिल्याच दिवशी बोरीचा काटा पायात मोडून घेतला. घर डोक्यावर घेतलं तिनं. मी चष्मा लावून सुईनं चाचपडत होतो आणि ती किंचाळत होती. वहिनी ओसरीच्या कडेला बसली होती. तिची नजर त्या काट्यावरून हलत नव्हती. तिची बोटं आपोआप चिमटीत येत होती, मला दिसत होतं. मी म्हणालो, वहिनी, तुम्हीच काढा. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको, भावजी. माह्या हाताला लेकरू नका देऊ," म्हणाली. मी गप्प बसलो. पुन्हा एकदा. नातीचा तळपाय मी रक्तबंबाळ केला तेव्हा तो काटा निघाला.

आणि तो धडा? दादा गेल्यावर तो मी शिकवलाच नाही. पान आलं की म्हणायचो, हे घरी वाचा रे. पण त्याआधी वर्षानुवर्षं जी पोरं माझ्या वर्गातून 'आपल्याला होत नाही' हे शिकून गेली, त्यांना कोण सांगणार होतं? त्यांतली कितीतरी मेंढरांमागे आहेत, शेतात अनवाणी आहेत. रस्त्यात भेटली की पाया पडतात. ती वाकतात तेव्हा माझी नजर त्यांच्या पायांकडे जाते आणि मी घाईनं आशीर्वाद देऊन मोकळा होतो. तळपाय उलटे करून बघत जा, एवढं पाच शब्दांचं वाक्य मला एकालाही सांगता आलं नाही.

हे सगळं मी आज सकाळपासून ओसरीवर बसून लिहितोय. बोललो का नाही, लिहितोय कशाला? कारण वहिनीला वाचता येत नाही. हे मला पक्कं माहीत आहे. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली आणि घरातल्या या बाईला मी एक अक्षर शिकवलं नाही. म्हणूनच तिच्या डोळ्यांदेखत बिनधास्त लिहू शकलो.

आत्ता ती चहा घेऊन आली. कप ठेवला आणि कागदांकडे बघत उभी राहिली. "सकाळपासून काय लिहून राहिले, भावजी?" मी म्हणालो, शाळेचं. मला रिटायर होऊन वर्ष झालंय, तिला ठाऊक आहे. ती वाकून एक कागद बघायला लागली, मग दुसरा. आणि एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. वर मी दादाचं नाव एकदाच लिहिलंय, बरोबर तिथंच. तेवढी अक्षरं तिला येतात. तिच्या मनगटावर आहेत.

तिनं मनगट कागदाजवळ आणून ताडून पाहिलं. नाव तिनं आताही घेतलं नाही, बोट तसंच ठेवून म्हणाली, "ह्ये त्यांचंच हाय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"त्यांच्याबद्दल लिव्हलंय?" तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. "चांगलंच लिव्हलं असंल तुमी." आणि कागद सरळ करून, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवून, ती आत गेली.